चीक

कार्मेलिता गावात रस्ता संपतो.
डांबर केव्हाच मागे राहिलेलं,
इथे मातीही हात वर करते.
पुढे खेचरं, चिखल आणि एर्मेलिंदो :
वय बासष्ट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला कोयता,
पाठीवर ओझं, त्यातलं बरंचसं माझं.

मी बरोबर घेतली होती तीन प्रकारची मलमं,
पाणी शुद्ध करायच्या गोळ्या
आणि माया लोकांवरचं एक जाड पुस्तक,
जे पहिल्याच रात्री
चहात पडलेल्या पावासारखं फुगलं.

दुसऱ्या दिवशी तो एका झाडापाशी थांबला.
बुंध्यावर तळापासून वर, नागमोडी,
एकावर एक जुने वार.
‘चिक्ले,’ तो म्हणाला.
‘चीक,’ मी म्हणाले.
त्याला वाटलं माझा उच्चार चुकला, त्यानं सुधारला.
मला वाटलं त्याचा चुकला, मी सुधारला.
खेचरानं कान हलवले.

मग वर पाहिलं.
झुबक्याझुबक्यांची पानं, खरबरीत तपकिरी फळं.
चिकू!
जन्मभर ज्याला घोलवडचा समजत आले
तो इथे आपल्या घरी उभा होता, शंभर फूट उंच,
आणि मला ओळखसुद्धा दाखवत नव्हता.

चालता चालता एर्मेलिंदो सांगत होता,
म्हणजे मला जेवढं कळत होतं तेवढं :
चौदाव्या वर्षी पहिलं झाड.
कमरेला दोर, पायाला लोखंडी काटे.
एकदा वार केले की झाडाला
सहा वर्षं हात लावायचा नाही.
घाई केली तर मरतं.
‘झाड?’
‘झाडही.’

रात्री ओदिलियानं मक्याचे दाणे
चुन्याच्या पाण्यात शिजत ठेवले.
चुना मला माहीत होता तंबाखूत, भिंतीवर,
आणि कुणी फसवलं की बोलण्यात.
अन्नात नव्हता माहीत.
वर माकडं गर्जत होती, एखादं गाव पेटल्यासारखी.
ती म्हणाली, झोप, ती फक्त जागा सांगतायत आपापली.

तिसऱ्या दिवशी आम्ही एक डोंगर चढलो
जो डोंगर नव्हता.
लाकडी जिना, पकडायला मुळं,
माझे गुडघे एकेक पायरी मोजत होते.
माथ्यावर नुसतं हिरवं, क्षितिजापर्यंत,
आणि त्यात दोन-तीन टेकाडं,
तीही टेकाडं नव्हेत.

हे सगळं पांढरं होतं म्हणे. चुन्याचा गिलावा, हातभर जाड.
चुन्यासाठी दगड भाजायचा,
दगड भाजायला रान तोडायचं.
मग पाऊस माती घेऊन गेला
आणि मक्याला जागा उरली नाही.
असं काही जण म्हणतात, तो म्हणाला,
मी तेव्हा नव्हतो.

स्वतःलाच चुना लावून घेतला की, मी मराठीत पुटपुटले,
आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये
हा विनोद समजावत बसले.
त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं.
हसला नाही.
समोरच्या हिरव्याकडे हनुवटी करून म्हणाला,
‘परत आलं. वेळ लागला.’

उतरल्यावर त्यानं नेहमीची वाट सोडली.
मी का विचारलं नाही.
एक झाड. नागमोडी वार अर्ध्यापर्यंत,
आणि वर साल एकदम कोरी.
‘नासारिओचं,’ तो म्हणाला. ‘धाकटा भाऊ.
कोयता दोरावर पडला.’

किती वर्षं झाली, मी बोटांवर विचारलं.
त्याची बोटं पुरली नाहीत.
सहा-सहा वर्षांच्या किती पाळ्या येऊन गेल्या,
कंत्राटदार बदलले, भाव पडले,
याला कुणी हात लावला नाही.

खाली पडलेला एक चिकू त्यानं उचलला,
पँटला पुसला, कोयत्यानं कापला,
अर्धा मला दिला.

कच्चा होता.
तुरट, घशात अडकणारा.
ओठांना ओठ चिकटले
आणि पुढचे दोन तास, तळ येईपर्यंत,
आम्ही कुणीच काही बोललो नाही.
चीक होता म्हणून.