वीस मिनिटांचं पाणी

तीन दिवस ओबानच्या धक्क्यावर
वाऱ्यानं आम्हाला बसवून ठेवलं.
ग्रेगरनं ड्रायसूटच्या चेनला इतकं मेण चोळलं
की मेणबत्तीच संपली.
मी क्लबची खजिनदार.
न झालेल्या प्रत्येक बुडीचे पैसे
वहीत मांडायचे, खोडायचे,
पुन्हा मांडायचे.
बोट मर्डोची. तो आकाशाकडे बघत नसे,
चिप्सच्या दुकानाच्या छपरावर
चोच खुपसून बसलेल्या कुरवांकडे बघायचा.
चौथ्या पहाटे ते उठले.
मग तोही उठला.

चौदा तास.
ओकारीची बादली हातोहात फिरली,
चर्चमधल्या दानाच्या थाळीसारखी,
आणि प्रत्येकानं काही ना काही टाकलं.
मग धुक्यातून बेट आलं:
आधी वास, हजारो पक्ष्यांच्या विष्ठेचा,
मग त्यांचा कालवा,
दगड सगळ्यात शेवटी.

आता तिथे कुणी राहत नाही.
छप्पर नसलेली सोळा घरं,
आणि मेंढ्या, ज्यांना हाका मारणारं कुणी उरलं नाही
तरी संध्याकाळी त्या खाली उतरतात.
मर्डोची आजी इथली.
हे तो सांगत नाही.
शोनाला खानावळीत कुणीतरी सांगितलं,
आणि शोनाला सांगितलं की सगळ्यांना कळतं.

भरती दमते, ओहोटीला अजून जाग नसते,
त्या मधल्या वीस मिनिटांत उतरायचं.
माझ्या जोडीला कीर, एकोणीस वर्षांचा,
वर असतो तेव्हा तोंडाला खीळ नाही.
एक, दोन, आणि पाठीवर उलटे.

थंडी आधी ओठांना कळते.
उघडं तेवढंच असतं.
मग केल्पचं रान, तपकिरी, माणसाहून उंच,
सगळं एका दिशेला झुकतं, थांबतं,
काही विसरल्यासारखं परत येतं.
त्याखाली कडा तुटलेला.
मी टॉर्च लावला
आणि भिंतभर फुलं उमलली,
जी फुलं नव्हेत, तोंडं आहेत,
गुलाबी, पोपटी, शेंदरी,
प्रत्येक तोंड आपापल्या घासासाठी उघडं.
टॉर्च विझवला. पाटी कोरी.
कीरच्या फिनला मागून कुणीतरी चावलं:
सील. म्हातारी असावी, मिशाळ.
त्याचं हसू बुडबुड्यांमधून वर गेलं,
मला ऐकू आलं नाही, दिसलं.

वर येताना पाच मीटरवर
जुन्या धक्क्याच्या पायथ्याशी थांबलो,
रक्तातला वायू निवेपर्यंत.
तिथे दोन दगडांमध्ये किटली होती.
लोखंडी, झाकण नाही,
आत एक खेकडा, घरमालकाच्या थाटात.
कीरनं हात पुढे केला.
मी बोट हलवलं: नाही.
वर काही आणायचं नाही, हा नियम
मीच टाइप करून भिंतीवर लावलाय.

डेकवर सगळे एकदम बोलायला लागले.
आणायला हवी होती. नको होती.
संग्रहालय. कायदा. खेकड्याचं काय?
मर्डो दोर गुंडाळत होता.
वेटोळं पुरं झालं तेव्हा म्हणाला,
"तोटी डावीकडे वाकलेली होती?"

कीर माझ्याकडे बघायला लागला.
मला आठवत नव्हतं.
मी म्हटलं, "होती."

तो खाली गेला. चहा टाकल्याचा आवाज आला.
बराच वेळ नुसताच आवाज येत राहिला.

उद्या पुन्हा तिथेच उतरायचं ठरलं.
मला नीट बघून यायचं होतं.
रात्री वारा फिरला,
पहाटे नांगर उचलावा लागला,
आणि बेट उलट्या क्रमानं गेलं:
दगड, कालवा, वास.

बुडींच्या नोंदवहीत मी लिहिलं:
खोली एकतीस, तापमान अकरा, दृश्यता उत्तम.
जमाखर्चाच्या वहीत
दुसऱ्या बुडीचे पैसे मांडलेले आहेत.
ते मी अजून खोडलेले नाहीत.