वीस टक्के

पाषाणच्या लॅबमध्ये रात्री अकराला
भट्टी तीनशेवर टेकते.
काचेवर पसरलेला मधाळ द्रव
पाणी सोडत सोडत पिवळा, ताठ होतो.

दहा टक्के सिलिका: फिल्म आरपार.
हुजेफा तिच्यातून वहीतली स्वतःचीच खाडाखोड वाचतो.
वीस टक्के: मोतीबिंदू.
वाळू आपापला गोतावळा करून बसली.

"मध्यस्थ घाल," इनामदार मॅडम म्हणाल्या,
"एक हात इकडे, एक तिकडे असलेला.
थेंबभरच हं."

सातव्या खेपेला कोमट पाण्यात
काचेवरून कड सुटली.
त्याने फिल्म खिडकीशी धरली.
टेकडीवरचा दिवा
हळदीचा झाला, पण विस्कटला नाही.

मग तिचाच एक कपटा
आठशे अंशांपर्यंत हवेत जाळला.
तराजूत उरलं पांढरं,
घातलं होतं
जवळजवळ तेवढंच.