उलथायची नाही

मंगळवार पेठेत, मागच्या खोलीत, खिडकीला काळं कापड.
पिंपात माती:
चिपाड कुजवलेलं, गांडुळं पन्हाळ्याखालची,
गुऱ्हाळावरनं आणलेली मळी,
वर उसाच्या पाल्याचं पांघरूण.

आबा तीस वर्षं भाड्यानं रोटर मारत हिंडले
वडणगे ते शिये.
दारात उभे राहून म्हणाले,
"खुरपं तरी लाव की रं."

नाही. बोटसुद्धा घालायचं नाही आत.
गेल्या खेपेचं झाड बुडापासनं कापलं,
मूळ तसंच ठेवलंय.
त्याच्याच वाटेनं नवं पांढरं उतरतंय.

झाड कसलं, आबांनी विचारलं नाही.
पान पाच बोटांचं, वास भिंतीतनं जातो.
मीटरवाला येतो त्या दिवशी दिवा बंद.

रात्री उठलो तर
आबा अंधारात
पिंपाला कान लावून बसलेले.