दीड मिनिट काळोख

डिचोली बाजारात, मासळीवाल्यांच्या मागे, वरच्या मजल्यावर
माझं दुकान. जिना अरुंद.
जड यंत्र घेऊन चढणारा माणूस
वर पोचेतो अर्धं दुखणं सांगून मोकळा होतो.

रोहिदास चोडणकर गप्प आला.
चादरीत बांधलेला सत्तावीस इंची कॉम्प्युटर,
सगळं एकातच असलेला : पडदा, पोट, पाठ.
टेबलावर ठेवला, चालू केला, बाजूला झाला.

पडद्यावर गुलाबी उभ्या रेघा.
रेघांमागे समोच्चरेषांचा एक डोंगर
गजांआड उभा केल्यासारखा.

'ग्राफिक्स कार्ड गेलं,' मी म्हटलं.
'गेलं म्हणजे?'
'आहे, पण दाखवणं जमत नाही त्याला आता.
डिस्क धड आहे. नकाशे काढून देतो,
नवीन घ्या एखादा, त्यावर बघा.'
'नव्यार तें सॉफ्टवेअर चलना,' तो म्हणाला.
मग जिन्याकडे बघत, 'आनी हांवूय.'

तसलं कार्ड आता कुणी बनवत नाही.
मडगावच्या एकाकडे निघालं, मेलेल्या लॅपटॉपमधलं.
एकवीस दिवस गेले. दिवसाआड फोन :
'आयलें?'

काच लोहचुंबकांवर बसलेली असते.
गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या इनासकडून
रबरी वाट्या आणल्या, चिकटवल्या, ओढलं.
मग आठ स्क्रू. मग पडदा उचलून
चार वायरी, त्यातली एक इतकी बारीक
की ती सोडवताना मी पंखासुद्धा बंद करतो.

आत तांबडी धूळ.
पात्यांवर, तांब्याच्या नळ्यांवर, कोपऱ्यांत थर धरून.
ट्रक धावत होते तेव्हाची.
बाहेर रस्ते कधीच धुऊन निघाले,
काजूची पानं पुन्हा हिरवी झाली,
माझ्या मेव्हण्याने दोन्ही टिप्पर भंगारात घातले,
आणि इथे, या डब्यात,
खाण चालूच होती.

मी ब्लोअर उचलला. 'राव,' तो म्हणाला.
चिमूटभर घेतली, अंगठ्यावर चोळली,
उजेडात धरली.
'अठ्ठावन्न.'
'काय?'
'टक्के. लोखंड.'
आणि स्वतःच फुंकून टाकली.

नवं कार्ड जुन्या पट्टीत बसेना.
एका पायाला कानस लावली, तांब्याचा पातळ तुकडा मध्ये घातला,
पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
जास्त झाली तर उष्णता अडते.
कमी झाली तरी अडते.
त्याने विचारलं नव्हतं, मीच सांगत होतो.
हात कामात असले की माझं तोंड सुटतं.

'एक लक्षात ठेवा,' मी म्हटलं,
'हे कार्ड याच्या घरचं नव्हे.
सुरुवातीची भाषा दोघांची जुळत नाही.
बटण दाबलं की आवाज येईल, चित्र येणार नाही.
दीड मिनिट सगळं काळं.
घाबरून पुन्हा बटण दाबायचं नाही.
सुनेला सांगा. नातवाला तर दोनदा सांगा.'

दाबलं. आवाज आला.
काळ्या काचेत आम्ही दोघे :
मी बनियनवर, तो शर्टाची वरची गुंडी लावून.
खाली कुणीतरी बांगड्यांचा भाव पाडत होतं.
त्याचे ओठ हलत होते. जप असेल, वाटलं.
आकडे होते.

मग डोंगर आला. एकही रेघ आडवी नाही आली त्याला.
'कुठला हा?'
त्याने शिखरावर बोट ठेवलं, काचेला न टेकवता.
'एकशे बारा मीटर. हांवें मेजिल्लो.'
'आता?'
'आतां थंय उदक. भुरगीं पोंवतात.'

पैसे मोजून दिले, चादर घडी घातली,
कॉम्प्युटर छातीशी धरून पाठमोरा, पायरी पायरी,
जिना उतरला.

पावसाळ्यानंतर एकदा फोन आला.
'आज पंच्याण्णव लागलीं.'
'चालतं. थंड असेल तर पाच सेकंद इकडेतिकडे होतात.
बटण नाही ना दाबलंत?'
'ना.'
'मग काय केलंत?'
'बसून रावलों.'