ऐंशी रकाने

पडद्यावर सगळं ठीक दिसतं.
दांडिया बाजारातलं हे ऑफिस, एसीचा गारठा, मी विचारते,
मशीनवर काय काय बसवलंय?
आणि नावं येतात, लांबलचक, शेपटासकट.

तीच यादी पाइपातून पुढे सोडली
की पलीकडे थोटकी होऊन पडते.
माझी स्क्रिप्ट बिचारी अक्षर अक्षर जुळवणारी.
दोन पॅकेजं एकाच जागी तुटली,
तिला जुळी वाटली,
तिने एक काढून टाकलं.
एकोणीस मशिनी, रात्रीचा दीड.

फोनवर हर्निशभाई जांभई देत म्हणाले,
"बेन, पाइपाला डोळे नसतात.
समोर पडदा नाही दिसला
की तो ऐंशी रकाने धरतो, बाकीचं कापतो."

ऐंशी.
कधीच भंगारात गेलेल्या कुठल्याशा काचेची रुंदी
अजून आमची नावं मोजतेय.

बाबांच्या पाणीपट्टीच्या बिलावर
वामन गजानन आंबर्डे
एवढंच मावायचं.
"कॉर्पोरेशनने जन्मात एकदाच कर माफ केला,"
बाबा सांगायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला,
"तोही आडनावातला."
आणि चष्मा कपाळावर सरकवून
निळ्या पेनाने पुढे 'कर' लिहायचे.
दर बिलावर. भरण्याआधी.
खिडकीतल्या माणसाने ते कधी वाचलं असेल
असं मला वाटत नाही.

आधी रुंदी वाढवून पाहिली. दोनशे.
चाललं. पण उद्या दोनशे एकावं अक्षर आलं तर?
मग तक्ताच सोडून दिला.
तो माणसांसाठी असतो,
त्या रेघा, ती मथळ्याची ओळ, ते नीटनेटकं दिसणं.
ज्या आज्ञेला साचा सांगता येतो तिला म्हटलं,
मला फक्त नाव दे,
जेवढं असेल तेवढं,
आणि नाव संपलं की नवी ओळ.
बस.

पावणेतीनला चौदाशे बारा नावं आली.
सगळ्यांत लांब निघालं एका फॉन्टचं,
एकसष्ट अक्षरं,
कुणी कधी वापरलेला नाही.
तेही अख्खं होतं.

एकोणीस मशिनी पुन्हा उभ्या राहिल्या.
गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.
मृण्मयी वामन आंबर्
त्या लटकत्या र्‌शी पोचून थांबले.
ड्रॉवर उघडला. हायलायटर, स्टेपलर,
कुणाचं तरी खाकरा-पाकीट.
निळं पेन नव्हतं.