चौसष्ट क्षेपणास्त्रं

अद्वय लीड्सला शिकायला गेल्यावर
तिसऱ्या आठवड्यात मी त्याचं कन्सोल खाली आणलं.
तेव्हाही जुनंच घेतलेलं, बॉस्टनच्या बाजारातून,
अमेरिकेतल्या नव्हे, आमच्या कोबीवाल्या बॉस्टनच्या.
झाकण सैल, म्हणून वर रसायनशास्त्राची वही.
तबकडी फिरते अजून,
कुरकुरत, जात्यासारखी.

एक विमान, एक आकाश, आणि एक शत्रू
ज्याचा देश कुठल्याच नकाशात नाही.

ढग मात्र खरे.
आत शिरलं की काचेवर थेंब धावतात,
आवाज कानात बोळा घातल्यासारखा,
आणि बाहेर पडताना ऊन असं अंगावर येतं
की क्षणभर पडदा नुसता पांढरा.
औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून आलेल्या बाईला
तेवढं पुरतं.

खाली बघू नये.
जंगल म्हणजे हिरवी ताडपत्री, शहरात माणूस नाही,
पुलावरून कुणी जात नाही.
पाहुणे दारात आल्यावर सतरंजी अंथरावी
तशी जमीन ऐनवेळी पुढे उलगडते.
आणि तो जोडीदार वैमानिक!
हाकेला ओ देतो, कामाला येत नाही.
"मी तुझ्या मागेच आहे," म्हणतो दर मिनिटाला;
मागे वळून पाहावं तर आभाळ.

सातव्या मोहिमेत एक मालवाहू विमान सांभाळायचं.
ते म्हशीसारखं सरळ चालत राहतं, मरणाच्या दिशेने.
ते पडलं की सगळं पहिल्यापासून,
वीस मिनिटं पाण्यात.
अकरा वेळा पाडलं मी ते.
म्हणजे, पडू दिलं.

शेजारचा नॉर्मन घेवड्याच्या शेंगा द्यायला आला
आणि दारातच थबकला, टीव्हीकडे बघत.
"तो आकडा कसला?"
"क्षेपणास्त्रं."
"चौसष्ट? एका विमानाला?"
तो इतका हसला की शेंगा सांडल्या.

एकतीस वर्षं याच कोनिंग्सबीच्या तळावर
त्याने विमानांना शस्त्रं लावली.
जानेवारीत बोटं धातूला चिकटायची.
"चार. फार तर सहा.
आणि प्रत्येकाला सही."
मग बराच वेळ धावपट्टीकडे बघत राहिला, खेळातल्या.
"आम्ही कुठे आहोत यात?"

खरंच, कुणीच नव्हतं.
टॉर्च घेऊन उभा कुणी नाही,
लाल फितींच्या खिळी उपसून, मोजून,
वैमानिकाला हात उंचावून दाखवणारा कुणी नाही.
विमान आपलं आपण निघतं,
पाठवणीला कुणी आलंच नसल्यासारखं.

मी रिमोट त्याच्या हातात दिला.
जाड अंगठे, आधी दोनदा समुद्रात.
तिसऱ्यांदा तो वर गेला, ढगांच्याही वर,
आणि तिथेच राहिला.
एकही बटण दाबेना.
"तू कधी बसला नाहीस? त्यांच्यात?"
"तिकीट काढून स्पेनला. तेवढंच."

खाली शहरावर बॉम्ब पडत होते.
जोडीदार ओरडत होता, मी तुझ्या मागेच आहे,
कोपऱ्यातले आकडे लाल होत उतरत होते
आणि नॉर्मन डावीकडे अलगद कलत होता,
उन्हात पाठ शेकावी तसा.
वेळ संपली. मोहीम अयशस्वी.

"नुसतं उडू देत नाही मेला," मी म्हटलं.
"नुसतं उडायला इंधन
कुणी दिलंय कधी?" तो म्हणाला.

तेवढ्यात छपरावरून खरी दोन गेली.
कपाटातल्या बशा वाजल्या.
वर न बघता त्याने घड्याळ पाहिलं,
"दोन मिनिटं उशीर,"
आणि कंट्रोलर घट्ट धरून म्हणाला, परत लाव.

आता बुधवारी येतो. शेंगा संपल्या, तरी येतो.
अद्वयच्या नावाखाली एकोणीस मोहिमा फत्ते.
त्याच्याखाली नॉर्मन:
मोहिमा शून्य,
पाडलेली विमानं शून्य,
उड्डाण, चार तास दहा मिनिटं.