बाव

शेठ म्हणाले, रगत पायजे.
रगत आणि दात, मोकळे सोडलेले केस,
आणि बाई जरा ओली.
निपाणीच्या तंबाखूतल्या पैशाचा सिनेमा,
दोन भाषांत एकदमच काढलेला,
पोस्टर मात्र माझ्याकडं, शहापुरात,
बारा बाय आठच्या पत्र्यावर, सोमवारच्या आत.

मी सिनेमा बघितला नव्हता. विचारलं, भूत कुठनं येतं?
बावीतनं, म्हणाले.
झालं तर मग.

आधी बाई काढली, केसांसकट. रीतच आहे ती.
दोन दिवस भिंतीला टेकवून ठेवली.
तिसऱ्या दिवशी चहावाल्या इराप्पानं
तिच्या अंगावरच सायकल लावली.
कळलं, हिला कोणी भीत नाही.
टर्पेंटाइननं पुसली.
पुसता पुसता खाली एक हात राहिला.

हात शेजारच्या मागावरच्या सत्यव्वाचा.
फळीची कड धरून तिला पाच मिनिटं उभं केलं होतं,
नखांत नीळ, करंगळीला दोरा गुंडाळलेला.
शेठ म्हणाले, नखं वाढवा की ओ.
मी होती तीही कापली.
वाढलेली नखं चेटकिणीची असतात,
कापलेली घरातल्या माणसाची,
आणि घरातलंच माणूस बावीतनं वर येत असलं
तर पळणार कुठं, सांगा.

लाल डबा उघडलाच नाही.
इथं लाल घेतला तरी कुठला झेंडा विचारतात,
भगवा घेतला तरी.
कठडा शेवाळी ठेवला.

अक्षरांचं वेगळंच.
मराठीला शिरोरेघ, तिथनं ओघळ सोडता येतो
दोरीवरच्या ओल्या धुण्यासारखा.
कन्नड अक्षर गोल,
थेंब पोटातच साठवतं, खाली पडू देत नाही.
इकडं बाव, तिकडं बावि,
मधे एका वेलांटीएवढी जागा.
दोन्ही सारख्या उंचीची काढली, फूटपट्टी लावून.
तरी दोघांनीही येऊन मोजली.

आता काळा.
दुकानात मिळतो त्यात निळं असतं, उन्हात उघडं पडतं.
मला दुसरा माहीत होता.
वीस वर्षं या गावाच्या पाट्या रंगवल्या मी.
दिवसा मी लिहायचो, रात्री कोणीतरी फासायचं,
कधी ही ओळ, कधी ती.
सकाळी मालक मलाच बोलवायचा, खरवड म्हणून.
डांबर नुसतं निघत नाही,
खालचं अक्षर घेऊन निघतं.
रस्त्याच्या कामावरनं अर्धा डबा आणला,
चुलीवर पातळ केला,
आणि बावीचं तोंड भरलं
काठापासून आत, आणखी आत, मधे काहीच नाही.
ओलं होतं तोवर
समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा त्यात,
डोळे सोडून.

शेठ बराच वेळ बघत राहिले.
पैसे मोजून दिले.
जाताना म्हणाले, रगत नाही ते नाहीच.

सोमवारी टॉकीजवर चढवला.
मंगळवारी रात्री एक नाव गेलं.
गुरुवारी दुसरं.
कुठलं आधी, ते मी सांगत नसतो.

शुक्रवारी शिडी घेऊन गेलो
तर खाली एक पोरगं, पाठीला दप्तर.
खडा मारला त्यानं, बरोबर मधे.
पत्रा वाजला.
तरी ते कान देऊन तसंच उभं,
शाळेची घंटा झाली तरी,
पाण्याचा आवाज यायचा होता अजून.